घरच्या फिल्मसाठी रीळ निवडताना : दाखवण्याचे वेगळे, जपण्याचे वेगळे

हेर्त्सोगेनआउराख : गेल्या शरद ऋतूत इथल्या एका स्नेह्यांनी पुण्याहून परतताना बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आणला. सदाशिव पेठेतले घर पाडून नवी इमारत उभी राहायची होती. माळा रिकामा करताना हा डबा हाती लागला. आत तळहातात मावतील अशी अकरा रिळे होती. त्यांच्या आजोबांनी १९६०च्या दशकात चावीच्या कॅमेऱ्याने टिपलेली ही दृश्ये : एक मुंज, पर्वतीच्या पायऱ्या, गणपतीची मिरवणूक, अंगणातली आजी. सगळे मूक. आजोबा-आजी दोघेही आता हयात नाहीत.

न्यूर्नबर्गच्या जुन्या बाजारातून घेतलेला एक प्रोजेक्टर माझ्याकडे होता. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी आम्ही चार कुटुंबे जमलो, भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि पहिले रीळ लावले. फिल्म गुंडाळून घेण्यासाठी यंत्रासोबत आलेलेच रिकामे रीळ वापरले. त्याची एक तबकडी किंचित वाकलेली होती, हे माझ्या लक्षात आले नाही. आजी तुळशीला पाणी घालत होत्या. तेवढ्यात फिल्म वाकलेल्या कडेवर चढली, बाहेर सांडली, आणि यंत्र थांबवेपर्यंत हातभर फिल्मवर उभी रेघ ओढली गेली. ती रेघ आता आजींच्या चेहऱ्यावरून जाते. दोष न तपासता रीळ लावणाऱ्याचा, म्हणजे माझाच होता.

ही हानी भरून का येत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. घरगुती चित्रणासाठी वापरली जाणारी फिल्म बहुधा 'रिव्हर्सल' जातीची असे. कॅमेऱ्यात जी फीत फिरली, तीच धुऊन सरळ चित्र होऊन परत येई. तिला निगेटिव्ह नसते. चित्रपटगृहातली प्रत खराब झाली तर दुसरी काढता येते. आपल्या डब्यातले रीळ मात्र मूळही तेच आणि एकमेव प्रतही तीच. म्हणून रिळासारख्या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूची निवड इथे महत्त्वाची ठरते. परदेशातील अनेक मराठी घरांत असे डबे आहेत. काही इथल्या तळघरांत, काही मुंबई-पुण्याच्या माळ्यांवर. त्यांच्यासाठी हे टिपण.

आधी फिल्म ओळखावी

रीळ घेण्याआधी फिल्म कोणत्या मापाची आहे ते पाहावे. घरगुती वापराची चार मापे प्रमुख आहेत. फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९२२मध्ये आणलेली साडेनऊ मिलिमीटरची फिल्म. तिची छिद्रे कडेला नसून मध्यभागी, दोन चित्रचौकटींच्या मधोमध असतात. कोडॅकने १९२३मध्ये आणलेली १६ मिलिमीटरची फिल्म. त्याच कंपनीची १९३२ची ८ मिलिमीटर फिल्म, जिला जर्मनीत 'नॉर्माल आख्ट' म्हणतात. आणि १९६५ची सुपर एट.

शेवटच्या दोन्हींची रुंदी सारखीच, ८ मिलिमीटर. त्यामुळे घोटाळा इथेच होतो. फरक छिद्रांत आहे. जुन्या आठमध्ये छिद्र मोठे असते आणि ते दोन चौकटींच्या सीमेवर येते. सुपर एटमध्ये छिद्र बारीक असून ते चौकटीच्या मध्यावर येते, आणि त्यामुळे वाचलेल्या जागेत चित्र मोठे बसते. जपानच्या फुजीची सिंगल एट ही सुपर एटच्याच प्रोजेक्टरवर चालते, पण तिची फीत पातळ पॉलिस्टरची असते. साधे भिंग घेऊन उजेडासमोर पाहिले की निवाडा होतो. एका मापाची फिल्म दुसऱ्या मापाच्या यंत्रात घातली तर छिद्रे फाटतात. दोन्ही मापे चालवणारे प्रोजेक्टरही बनत. त्यांवर मापाचा खटका आधी योग्य जागी आणावा लागतो.

फिल्मच्या कडेवर बनवणाऱ्याचे नाव छापलेले असते, तेही वाचावे. भारतातल्या कृष्णधवल फिल्मवर पुष्कळदा 'ओर्वो' हे नाव सापडते. पूर्व जर्मनीतील वोल्फेनच्या कारखान्याची ही फिल्म भारतात मोठ्या प्रमाणावर येत असे. पुण्याच्या माळ्यावरचे एखादे रीळ म्हणजे इथून तिकडे जाऊन पुन्हा इथेच आलेली वस्तू असू शकते.

मधले भोक आणि लांबी

रिळाचे पहिले माप म्हणजे मधले भोक. जुन्या आठच्या रिळाचे भोक सुमारे ८ मिलिमीटर व्यासाचे असते, तर सुपर एटचे १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. १६ मिलिमीटरच्या रिळाला चौकोनी भोक असते. जुन्या आठचे रीळ सुपर एटच्या जाड दांड्यावर बसत नाही, ही अडचण चटकन दिसते. उलट बाजू अधिक धोक्याची आहे : सुपर एटचे रीळ बारीक दांड्यावर सैल बसते, फिरते, आणि डगमगत फिल्म ओढते. त्यासाठी प्लास्टिकची किंवा धातूची लहान चकती मिळते. ती भोकात घट्ट बसवून मगच रीळ लावावे. कागदाची घडी किंवा चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नये.

दुसरे माप लांबीचे. जर्मनीत ते मीटरमध्ये लिहिलेले असते. कॅमेऱ्यातून येणारी एक फिल्म १५ मीटरची, म्हणजे ५० फुटांची. तिचे रीळ सुमारे ३ इंच व्यासाचे. ६० मीटर म्हणजे २०० फूट, रीळ सुमारे ५ इंचांचे. १२० मीटर म्हणजे ४०० फूट, रीळ सुमारे ७ इंचांचे. त्यापुढे १८० आणि २४० मीटरची रिळेही असतात.

किती लांबीला किती वेळ लागतो, हे गणित सोपे आहे. सुपर एटच्या एका फुटात ७२ चौकटी असतात. मूक फिल्म सेकंदाला १८ चौकटींच्या गतीने चालवली तर १५ मीटरला ३ मिनिटे २० सेकंद, ६० मीटरला १३ मिनिटे २० सेकंद आणि १२० मीटरला २६ मिनिटे ४० सेकंद लागतात. २४ चौकटींच्या गतीने चालणारी बोलकी फिल्म १२० मीटरला २० मिनिटांत संपते. जुन्या आठच्या एका फुटात ८० चौकटी. सेकंदाला १६च्या गतीने १५ मीटरला ४ मिनिटे १० सेकंद आणि १२० मीटरला ३३ मिनिटे २० सेकंद.

दाखवण्याचे रीळ

प्रोजेक्टरवर दोन रिळे असतात : एक फिल्म सोडणारे, दुसरे गुंडाळून घेणारे. गुंडाळणारे रीळ सोडणाऱ्यापेक्षा लहान कधीही असू नये, हा पहिला नियम. दुसरा नियम यंत्राच्या ताकदीचा. प्रोजेक्टरवर किंवा त्याच्या पुस्तिकेत कमाल लांबी दिलेली असते. तिच्यापेक्षा मोठे रीळ दांड्यावर बसले तरी मोटर ते नीट ओढेलच असे नाही, आणि कधी ते यंत्राच्या अंगालाच घासते.

आपल्या गावात बेअरिंग आणि क्लच यांच्यात आयुष्य घालवणारे वाचक पुष्कळ आहेत, त्यांना पुढची गोष्ट लगेच पटेल. गुंडाळणारे रीळ घसरत्या क्लचवर फिरते, म्हणजे त्याला मिळणारा पीळ साधारण स्थिर असतो. अशा वेळी फिल्मवरील ताण गुंडाळीच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. गाभा बारीक असेल तर सुरुवातीला ताण फार, आणि रीळ भरत आले की ताण फार कमी. सुरुवातीला जुने जोड सुटतात. शेवटी फिल्म सैल पडून बाहेर सांडते. रुंद गाभ्याच्या रिळात हा फरक कमी होतो. म्हणून एकाच लांबीची दोन रिळे समोर असतील तर जाड गाभ्याचे निवडावे.

धातूचे रीळ की प्लास्टिकचे, हा वाद जुना आहे. धातूचे रीळ उष्णतेने वेडेवाकडे होत नाही, पण पडले की तबकडी वाकते आणि ओलीत गंज धरते. गंजाचा कण फिल्मवर वाळूसारखा ओरखडा काढतो. प्लास्टिक हलके असते, यंत्रावर कमी भार टाकते, पण उन्हात किंवा माळ्यावर राहिले की पिळते, जुने झाले की तडकते, आणि स्थिर विद्युत् धरून धूळ ओढते. दाखवण्यासाठी चांगल्या स्थितीतले कोणतेही चालेल. स्थिती तपासणे महत्त्वाचे. रीळ सपाट टेबलावर ठेवून डुलते का ते पाहावे. मग रिकामेच दांड्यावर लावून यंत्र फिरवावे आणि समोरून, डोळ्याच्या रेषेत, दोन्ही तबकड्यांमधले अंतर एकसारखे राहते का ते न्याहाळावे. आतल्या कडेवरून बोट हळूच फिरवावे. बोटाला लागेल ते फिल्मलाही लागेल. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. त्या शनिवारी ती केली असती तर हे टिपण लिहिण्याची वेळ आली नसती.

जर्मन बनावटीच्या अनेक रिळांत गाभ्यावर बारीक दाते असतात. फिल्मचे टोक आत सोडले की ते आपोआप पकडले जाते. यांना इथे 'फांगश्पूले' म्हणतात. आपोआप भरणाऱ्या प्रोजेक्टरसाठी ती सोयीची आहेत. मात्र दात्यांचा डाग पहिल्या काही वेढ्यांवर उमटतो, म्हणून फिल्मच्या आधी दीड-दोन मीटर कोरी फीत जोडलेली असावी. सुरुवातीला हिरवी आणि शेवटी लाल फीत लावण्याची पद्धत आहे. त्यामुळे रीळ सरळ गुंडाळलेले आहे की उलटे, हे डबा उघडताच कळते.

जपण्याचे रीळ

दाखवण्याच्या रिळाकडून आपण वेगाची आणि पकडीची अपेक्षा करतो. जपण्याच्या रिळाकडून वर्षानुवर्षे काहीही न करण्याची. म्हणून दोन्हींसाठी एकच रीळ वापरू नये, हे या लेखाचे सार आहे.

फिल्म बारीक गाभ्यावर वर्षानुवर्षे राहिली की तिला तोच बाक पडतो. मग यंत्राच्या झरोक्यात ती सपाट बसत नाही आणि चित्र मधूनमधून अस्पष्ट होते. अभिलेखागारे यासाठी साधारण ३ इंचांचा रुंद गाभा पसंत करतात, आणि बहुतेकदा तबकड्यांशिवाय, नुसत्या गाभ्यावरच फिल्म ठेवतात. घरी ते टाळावे. सराव नसेल तर बिनतबकडीची गुंडाळी हातातून शंकूसारखी सरकते आणि उलगडून बसते. आपल्यासाठी मधला मार्ग बरा : रुंद गाभ्याचे, दात नसलेले, नवे प्लास्टिकचे रीळ, आणि त्याच मापाचा डबा. पॉलिप्रॉपिलीनचे डबे उत्तम. पीव्हीसीची पाकिटे आणि गंजके डबे टाळावेत.

गुंडाळताना हाताने फिरवायचे साधे यंत्र वापरावे. प्रोजेक्टरच्या जलद उलट्या गतीने गुंडाळलेली फिल्म कुठे घट्ट, कुठे सैल बसते. वेढे एकसारखे आणि बेताच्या ताणाने यावेत. रीळ काठोकाठ भरू नये. बाहेरच्या कडेला बोटभर जागा मोकळी राहावी. टोक रबराने किंवा साध्या चिकटपट्टीने बांधू नये. रबर सुकून चिकटते आणि त्यातील गंधक फिल्मला बाधते.

लावण्यापूर्वी वास घ्यावा

घरगुती फिल्म बहुतांशी सेल्युलोज ॲसिटेटच्या पायावर असते. पुण्यात २००३च्या जानेवारीत जुन्या नायट्रेट फिल्मांना आग लागून मोठा ठेवा नष्ट झाला, त्यामुळे घरात जुनी फिल्म ठेवणे धोक्याचे असे काहींना वाटते. ८ मिलिमीटरची फिल्म नायट्रेटवर बनतच नसे. ती भीती नको. ॲसिटेटचा शत्रू वेगळा आहे. उष्णता आणि ओल मिळाली की ते हळूहळू विघटित होते आणि ॲसेटिक आम्ल सोडते. डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला तर ही क्रिया सुरू झाली असे समजावे. आम्लच पुढच्या विघटनाला गती देते, म्हणून असे रीळ इतरांपासून लगेच वेगळे ठेवावे. विसाएक अंश तापमान आणि मध्यम आर्द्रता असली तर नव्या फिल्मला हा रोग जडायला साधारण चार-पाच दशके लागतात. कोकणच्या किंवा मुंबईच्या हवेत ती मुदत बरीच आखडते. १९६०च्या दशकातली फिल्म आज कोणत्या टप्प्यावर असेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

वासाच्या पुढची पायरी मोजमापाची. विघटित फिल्म आक्रसते आणि मग छिद्रे यंत्राच्या दात्यांशी जुळत नाहीत. शंभर चौकटी मोजून मोजपट्टी लावावी. जुन्या आठच्या शंभर चौकटी सुमारे ३८१ मिलिमीटर भरतात, सुपर एटच्या सुमारे ४२३. यात ४ मिलिमीटरची घट म्हणजे सुमारे १ टक्का. इतकी आक्रसलेली, ठिसूळ झालेली किंवा वाटीसारखी वाकलेली फिल्म प्रोजेक्टरला लावूच नये. दात्यांशिवाय फिल्म पुढे नेणाऱ्या यंत्रावर तिची चौकटी-चौकटीने डिजिटल प्रत करून घ्यावी.

ठेवण्याची जागा

जर्मन घरातले तळघर थंड असते, पण उन्हाळ्यात तिथे दमटपणा साचतो आणि नळ फुटला की पहिले पाणी तिथेच येते. पोटमाळा उन्हाळ्यात तापतो. दोन्हींपेक्षा राहत्या खोलीतल्या आतल्या भिंतीचे कपाट बरे. हीटरपासून दूर, डबे आडवे ठेवून. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावी. भारतातल्या घरी पत्र्याखालचा माळा आणि बाहेरच्या भिंतीला लागलेले कपाट टाळावे. ट्रंकेत घालतो त्या डांबराच्या गोळ्या फिल्मजवळ नकोत. त्यांची वाफ प्लास्टिकला मानवत नाही. हवाबंद पिशवीत फिल्म कोंडू नये, सुटणारे आम्ल आतच साचते.

विमानाने आणताना डबे हातसामानात घ्यावेत. धुतलेल्या फिल्मला तपासणीच्या क्ष-किरणांनी अपाय होत नाही. न धुतलेली फिल्म असेल तर मात्र तपासणी हाताने करण्याची विनंती करावी.

छोटी रिळे जोडावीत का?

१५ मीटरची सात रिळे १२० मीटरच्या एका रिळावर आरामात बसतात. आठवे घालण्याचा मोह आवरावा, कारण कोऱ्या फिती आणि जोड यांनाही जागा लागते. एकत्र केल्याने फिल्म रुंद गाभ्यावर येते आणि दर तीन-चार मिनिटांनी दिवे लावावे लागत नाहीत. पण जोडण्यापूर्वी प्रत्येक छोट्या डब्यावरचे अक्षर, तारीख, टपालाचा शिक्का यांचे छायाचित्र घ्यावे आणि क्रम वहीत लिहून ठेवावा. मूळ डबे फेकू नयेत. कुणाची मुंज, कुठले अंगण, हे सांगणारा तेवढाच कागद उरलेला असतो. एखाद्या रिळाला वास येत असेल तर ते कधीही निरोग्यांशी जोडू नये.

जर्मनीत खरेदी करताना

रिकाम्या रिळासाठी 'लेअरश्पूले' हा शब्द शोधावा. डब्याला 'डोझे' म्हणतात. 'नॉर्माल आख्ट' की 'झूपर आख्ट' हे स्पष्ट लिहिलेले नसेल तर विक्रेत्याला भोकाचा व्यास विचारावा. खेळण्यांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या न्यूर्नबर्गमध्येच 'नोरिस' नावाचे प्रोजेक्टर बनत. ऑस्ट्रियाचे 'ऑयमिग' आणि श्टुटगार्टचे 'बाउअर' हेही इथल्या जुन्या बाजारांत भेटतात. त्यांच्यासोबत येणारी रिळे स्वस्त असतात, पण ती दाखवण्यापुरतीच आणि तपासूनच वापरावीत. जपण्यासाठी नवे रीळ घ्यावे. अकरा रिळांच्या ठेव्याला दोन मोठी रिळे पुरतात, खर्च थोडका आहे.

कुणाच्या आठवणी टिकतात?

केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यासकेंद्राने ब्रिटिश राजवटीच्या काळात भारतात राहिलेल्या कुटुंबांच्या घरगुती फिल्म गोळा करून जपल्या आणि पाहण्यासाठी खुल्या केल्या. पूर्व जर्मनीतील शंभराहून अधिक कुटुंबांच्या अशाच फिल्म 'ओपन मेमरी बॉक्स' या प्रकल्पाने २०१९मध्ये जगापुढे ठेवल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून आहे, मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१५पासून जतनाचे प्रशिक्षण देत आहे; पण त्यांच्या दारापर्यंत काय पोचते, हे शेवटी माळा रिकामा करणारा ठरवतो. मराठी मध्यमवर्गाने स्वतःच स्वतःकडे पाहिलेल्या नजरेचा हा पुरावा आहे, आणि तो भंगारात जाण्याचा क्षण बहुधा घर पाडण्याच्या गडबडीत येतो. दर वर्षी शरदात अनेक देशांत 'होम मूव्ही डे' साजरा होतो. २००२पासून चालत आलेल्या या उपक्रमात जाणकार मंडळी आपली फिल्म तपासून, मगच दाखवतात. आपल्या मंडळांच्या दिवाळी कार्यक्रमाला असा एक कोपरा सहज जोडता येईल.

त्या अकरा रिळांपैकी दहा आता दोन रुंद रिळांवर, नव्या डब्यांत, कपाटाच्या मधल्या फळीवर आडवी ठेवली आहेत. अकराव्याला व्हिनेगरचा वास होता. ते वेगळे ठेवून आधी त्याचीच प्रत करून घेतली. आजींच्या चेहऱ्यावरची रेघ डिजिटल प्रतीत पुसता येईल असे सांगण्यात आले. स्नेह्यांनी नको म्हटले. मूळ फिल्मवर ती राहणारच आहे, आणि पुढच्या रिळाची तबकडी तपासायची आठवण आम्हा दोघांनाही तिच्यामुळे राहील.